चाकांतून येणारा ‘हूंऽऽ’ आवाज : टायर की बेअरिंग, आणि बदलूनही तो परत का येतो?

गाडीनं ताशी ५० किमीचा वेग गाठला की खालून ‘हूंऽऽ’ असा आवाज सुरू होतो. ७०-८० ला तो चांगलाच भरतो, गाणी लावलेली असली तरी कानात राहतो आणि वेग उतरला की विरून जातो. गॅरेजमध्ये दाखवलं की उत्तर बहुतेक ठरलेलं असतं, ‘बेअरिंग गेलंय’, म्हणजे चाक ज्या गोळ्यांच्या कड्यावर फिरतं ते खराब झालंय. बेअरिंग बदललं जातं. आवाज एक तर तसाच राहतो, नाहीतर काही महिन्यांनी परत येतो. मग दुसऱ्या बाजूचं बेअरिंग, मग टायर, मग अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं), असं एकेक बदलत जायचं. यात पैसे जातातच, शिवाय आवाजाचं मूळ कारण गाडीत तसंच राहतं आणि नव्या भागालाही खराब करतं.

अशा आवाजामागे बहुतेक वेळा दोघांपैकी एक असतो : वेडावाकडा झिजलेला टायर किंवा खराब झालेलं व्हील बेअरिंग. या दोघांतला नेमका कोण हे पाना हातात घेण्याआधीच बऱ्यापैकी ठरवता येतं. ते ठरल्याशिवाय काहीही बदलू नये, असं माझं ठाम मत आहे. आणि आवाज पुन्हा पुन्हा येत असेल तर तो भाग कशामुळे खराब होतोय ते शोधावंच लागतं.

आधी खात्री करा : आवाज खरंच चाकांचा आहे ना?

सरळ, मोकळा आणि सपाट रस्ता निवडा. काचा बंद, पंखा बंद, गाणी बंद. गाडी एकाच वेगावर, समजा ताशी ६० किमीवर, आधी वरच्या गिअरमध्ये चालवा आणि मग एक गिअर खाली घेऊन त्याच वेगावर चालवा. इंजिनाचे फेरे वाढले, पण चाकांचा वेग तोच राहिला. आवाजाची पट्टी बदलली नाही, तर इंजिन आणि त्याला जोडलेल्या गोष्टी बाजूला ठेवता येतात.

यानंतर बरेच जण गाडी न्यूट्रलमध्ये टाकून पाहतात. मॅन्युअल गाडीत ते ठीक आहे, पण इंजिन चालूच राहू द्या. चालत्या गाडीत किल्ली फिरवली तर स्टिअरिंग जड होतं, ब्रेकला मिळणारी मदत संपते आणि किल्ली पूर्ण मागे गेली तर स्टिअरिंग लॉकही होऊ शकतं. ऑटोमॅटिक गाडीत न्यूट्रलच्या भानगडीत न पडता नुसता अॅक्सिलरेटरवरचा पाय काढून पाहावं.

न्यूट्रलच्या चाचणीतून एक गोष्ट सुटते. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरचा संच) गिअरबॉक्सच्या पोटातच असतं आणि गाडी न्यूट्रलमध्ये असली तरी ते चाकांबरोबर फिरतच राहतं. म्हणून ‘न्यूट्रलमध्येही आवाज आला, म्हणजे चाकच’ असा थेट निष्कर्ष काढू नका. त्यासाठी भाराची चाचणी करा. एकाच वेगाच्या आसपास अॅक्सिलरेटर किंचित दाबा, मग सोडा, पुन्हा दाबा. गिअरच्या दातांचा आवाज भार बदलला की बदलतो : दाबल्यावर चढतो आणि सोडल्यावर गप्प होतो, किंवा याच्या उलट होतं. टायर आणि चाकाच्या बेअरिंगला या दाबण्या-सोडण्यानं फारसा फरक पडत नाही. मागची चाकं ढकलणाऱ्या गाडीत मागचं डिफरन्शियल आणि लांब शाफ्टच्या मधलं बेअरिंगही संशयित असतात, तेव्हा तिथे ही चाचणी चुकवू नका. बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत मोटर आणि तिचा गिअर नेहमी चाकांशी जोडलेलेच असल्यानं गिअर बदलून किंवा न्यूट्रलमध्ये टाकून काहीच कळत नाही, भाराची चाचणीच उपयोगी पडते.

वळताना ‘कट्कट्’ असा आवाज येत असेल तर तो एक्सलच्या जॉइंटचा. ब्रेक हलकेच दाबल्यावर बदलणारी किंवा थांबणारी खरखर ब्रेकच्या बाजूची. पत्रा घासल्यासारखा चिरका आवाज बहुधा डिस्कमागच्या वाकलेल्या पत्र्याचा, किंवा त्यात अडकलेल्या खड्याचा असतो. यांची तपासणी वेगळी आहे, इथे फक्त सलग चालणाऱ्या ‘हूंऽऽ’चा विचार करू.

टायर आणि बेअरिंग एकाच सुरात का वाजतात?

अनुभवी कानसुद्धा इथे फसतो आणि त्याला साधं गणित कारणीभूत आहे. १८५/६५ आर १५ या मापाच्या टायरचा परीघ साधारण १.९५ मीटर भरतो. ताशी ८० किमी वेगाला गाडी सेकंदाला २२.२ मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला साधारण ११.४ वेळा फिरतं.

चाक नीट बॅलन्स केलेलं नसेल तर फेऱ्याला एक धक्का बसतो, म्हणजे सेकंदाला ११. एवढ्या खालच्या कंपनाला आपण आवाज म्हणून ऐकत नाही. ते स्टिअरिंगच्या किंवा सीटच्या थरथरीतून जाणवतं. म्हणून नुसत्या ‘हूंऽऽ’साठी बॅलन्सिंग करून फारसा उपयोग होत नाही.

टायर सारखा झिजलेला असेल आणि त्याच्या नक्षीत घेरभर समजा ६४ ठोकळे असतील, तर सेकंदाला सुमारे ७३० ठोके पडतात. हा वरच्या पट्टीचा, पातळ आवाज झाला. प्रत्येक गाडीत तो थोडाफार असतोच. उत्पादक तर ठोकळ्यांची लांबी मुद्दाम कमीजास्त ठेवतात, म्हणजे सगळे ठोके एकाच सुरात न पडता विखुरतात.

आता बेअरिंग पाहा. एका रांगेत समजा १३ गोळ्या आहेत आणि बाहेरच्या न फिरणाऱ्या रिंगवर एके ठिकाणी पापुद्रा निघालाय. चाकाच्या एका फेऱ्यात त्या जागेवरून साधारण पाच गोळ्या जातात. ८० च्या वेगाला सेकंदाला ६० च्या आसपास ठोके झाले, आणि त्याच्या पटीतले सूर वेगळेच. हा खालच्या पट्टीचा, छातीत घुमल्यासारखा वाटणारा आवाज.

आणि टायरच्या घेरावर विषम झिजेमुळे सहा ते दहा ठिकाणी खळगे पडले असतील तर? सेकंदाला साधारण ७० ते ११५ ठोके. म्हणजे खळगे पडलेला टायर बेअरिंगच्याच पट्टीत वाजतो. म्हणून नुसता आवाज ऐकून ‘हे बेअरिंगच’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तरी, ते सांगणारा कितीही जाणकार असला तरी, पुढच्या चाचण्या करून घ्याव्यात.

रस्ता बदलला की काय होतं?

हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात बोलका पुरावा आहे. एकाच वेगात गुळगुळीत डांबरावरून सिमेंटच्या रस्त्यावर जा, किंवा खडबडीत पट्ट्यावरून नव्या डांबरावर या. टायरचा आवाज रस्त्याबरोबर ठळकपणे बदलतो, नव्या मऊ डांबरावर तर कधी जवळजवळ नाहीसा होतो. बेअरिंगला रस्त्याशी देणंघेणं नसतं. खडबडीत रस्त्यावर तो आवाज इतर आवाजांत लपतो आणि गुळगुळीत रस्त्यावर उघडा पडतो. थोडक्यात, चांगल्या रस्त्यावर गाडी शांत होत असेल तर टायर बघा, आणि चांगल्या रस्त्यावर आवाज जास्त स्पष्ट होत असेल तर बेअरिंग बघा.

मग वळणाची चाचणी. रिकाम्या, रुंद रस्त्यावर ताशी ५० च्या आसपास हलकेच डावी-उजवीकडे लांब वळसे घ्या. झटके नकोत, आणि मागेपुढे वाहन असेल तर करूच नका. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो आणि उजवीकडे वळताना डाव्या. डावीकडे वळताना आवाज वाढून उजवीकडे वळताना तो कमी होत असेल तर संशय उजव्या बाजूच्या बेअरिंगवर.

ही चाचणी सगळे सांगतात, पण तिची मर्यादा फारसं कुणी सांगत नाही. आजच्या गाड्यांच्या बेअरिंगमध्ये गोळ्यांच्या दोन रांगा असतात, एक आतल्या बाजूला आणि एक बाहेरच्या. वळताना भार चाकावर तर बदलतोच, पण या दोन रांगांमध्येही वाटला जातो. त्यामुळे कोणती रांग खराब झाली आहे त्यानुसार कधीकधी उलटी बाजू वाजते. शिवाय एकाच कडेनं खाल्लेला टायरही वळताना आपला आवाज बदलतो. म्हणून वळताना आवाज स्पष्ट बदलला तर बेअरिंगचा संशय पक्का करा, पण बाजू ठरवायला एवढ्यावर विसंबू नका.

आवाज पुढून की मागून, हेही चालकाच्या सीटवरून नीट कळत नाही. तो गाडीच्या पत्र्यातून फिरून येतो. गाडी दुसऱ्या कुणाला चालवायला देऊन स्वतः मागच्या सीटवर डावीकडे, मग उजवीकडे बसून ऐकलं की फरक लगेच कळतो.

टायरवर हात फिरवा

गाडी उभी करून चारही टायरांच्या नक्षीवरून तळहात फिरवा, आधी पुढच्या दिशेनं, मग उलट. तार बाहेर आलेली नाही आणि काच-खिळा रुतलेला नाही ना, हे आधी डोळ्यांनी बघून घ्या. एका दिशेनं हात गुळगुळीत जातो आणि उलट दिशेनं बोटांना कडा टोचतात, आरीच्या दात्यांवरून हात फिरवल्यासारख्या? मग प्रत्येक ठोकळ्याची एक कड जास्त झिजली आहे आणि तो टायर हमखास गुणगुणतो. असाच हात आडवाही फिरवा, आतून बाहेर आणि बाहेरून आत. आडव्या दिशेला कडा टोचत असतील तर अलाइनमेंटमधला टो (चाकांची तोंडं आत किंवा बाहेर किती वळली आहेत ते) चुकलेला असण्याची शक्यता मोठी. घेरावर ठरावीक अंतरानं उंच-खोल लागत असेल तर शॉकअॅब्सॉर्बर थकलेले असू शकतात, कारण चाक रस्त्यावर सलग टेकून राहत नाही, उड्या मारत चालतं.

आतली कड विसरू नका. बाहेरून टायर सुरेख दिसतो आणि आतल्या बाजूनं पार खाल्लेला असतो, असं फार वेळा होतं. पुढची चाकं स्टिअरिंग पूर्ण वळवून पाहता येतात. मागच्यांसाठी गाडीखाली हात घालावा लागतो. आणि पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत मागच्या टायरांकडे जास्त लक्ष द्या. त्यांच्यावर भार कमी असतो, ओढण्याचं काम त्यांना नसतं, आणि ते जागेवरून हलवले नाहीत तर त्यांच्यावर आरीसारखी झीज सहज तयार होते.

संशय टायरवर असेल तर खात्री करायला चाकांची अदलाबदल करा. पुढची दोन मागे, मागची दोन पुढे, बाजू तीच ठेवून. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर बाजू बदलायचीच नाही. पुढे-मागे वेगळ्या मापाचे टायर असतील तर ही युक्ती चालत नाही. अदलाबदलीनंतर त्याच रस्त्यावर, त्याच वेगात फिरून या. आवाज पुढून मागे गेला किंवा त्याचा पोत बदलला, तर टायर. जिथल्या तिथे, जसाच्या तसा राहिला, तर बेअरिंग. या एका चाचणीवर माझा सगळ्यात जास्त भरवसा आहे. तिला खर्च जवळजवळ नाही आणि तिचं उत्तर कानाच्या अंदाजापेक्षा कितीतरी पक्कं असतं. चाकांचे नट मात्र ठरलेल्या टॉर्कनं (आवळण्याच्या मोजलेल्या जोरानं), समोरासमोरचे आळीपाळीनं आवळा आणि थोडं अंतर चालल्यावर पुन्हा तपासा.

चाक उचलून बघताना

सपाट आणि कडक जमीन हवी. जे चाक उचलायचं नाही त्याला उटी लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली किंवा चाकामागे हात घालू नका, स्टँड लावल्याशिवाय पुढे जायचंच नाही. मागचं चाक तपासताना हँडब्रेक सोडावा लागतो, तेव्हा पुढच्या दोन्ही चाकांना दोन्हीकडून उटी हवी.

चाक वर आणि खाली, म्हणजे घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी धरून आत-बाहेर हलवा. मग ९ आणि ३ च्या जागी धरून हलवा. फक्त आडव्या दिशेत हलत असेल तर टाय रॉडसारखा स्टिअरिंगचा सांधा ढिला असण्याची शक्यता जास्त. उभ्या दिशेत किंवा दोन्हीकडे हलत असेल तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा गोल सांधा). या दोघांत फरक करायला कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर हालचाल नाहीशी झाली तर ढिलेपणा बेअरिंगमध्ये होता, कारण ब्रेकनं फिरणारा आणि न फिरणारा भाग एकमेकांना बांधले. ब्रेक दाबूनही हालचाल तशीच असेल तर बॉल जॉइंट किंवा सस्पेन्शनचा दुसरा सांधा.

पण चाक अजिबात हललं नाही म्हणून बेअरिंग चांगलं आहे असं समजू नका. दोन रांगांची बेअरिंग्ज घट्ट आवळलेली असतात. त्यांच्या रुळावर, म्हणजे गोळ्या ज्या पृष्ठभागावरून फिरतात त्यावर, पापुद्रे निघाले, ती मोठ्यानं वाजू लागली, तरी बराच काळ त्यांच्यात ढिलेपणा येत नाही. ‘हलवून पाहिलं, काही प्ले नाही’ एवढ्यावर बेअरिंगला निर्दोष ठरवलं जातं आणि मग नवे टायर घातले जातात.

म्हणून चाक हातानं फिरवताना दुसऱ्या हाताचा पंजा त्याच चाकाच्या स्प्रिंगवर ठेवा, बोटं वेटोळ्यांमध्ये न घालता. खराब बेअरिंगची खरखर कानाला ऐकू आली नाही तरी स्प्रिंगमधून हाताला बारीक किरकिरीसारखी जाणवते. दुसऱ्या बाजूचं चाक तसंच फिरवून तुलना करा. तुलनेशिवाय या चाचणीला अर्थ नाही. गाडी न्यूट्रलमध्ये हवी, आणि ब्रेकपॅडच्या हलक्या घासण्याला बेअरिंग समजू नका. ते घासणं फेऱ्यात ठरावीक ठिकाणी येतं किंवा सलग मऊ ‘स्स्स’ असतं.

गाडी उचलून, गिअर टाकून, इंजिनानं चाक फिरवून ऐकण्याची पद्धत गॅरेजमध्ये लिफ्टवर वापरतात. घरी हे करू नका. एकच चाक हवेत असेल तर डिफरन्शियलमुळे ते स्पीडोमीटर दाखवतो त्याच्या दुप्पट वेगानं फिरतं. नकलवर, म्हणजे बेअरिंग ज्या लोखंडी भागात बसतं त्यावर, मेकॅनिकचा स्टेथोस्कोप टेकवून ऐकणं हे चांगल्या गॅरेजचं काम आहे. त्यांच्याकडे तो असेल तर आवर्जून करायला लावा.

या तपासणीत पुढची चिन्हं दिसली तर गाडी चालवणं तिथेच थांबवा : चाक हातानं स्पष्ट हलतंय, गुणगुणीची आता घरघर किंवा कडकड झाली आहे, स्टिअरिंग थरथरतंय, एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागलाय, किंवा थोडं चालवून थांबल्यावर एकाच चाकातून जळका वास आणि जास्त उष्णता येते. हब (चाक ज्यावर बोल्टनं बसतं तो फिरणारा भाग) किंवा डिस्कला हात लावून उष्णता बघू नका, भाजतं. दुरूनच जाणवेल, किंवा इन्फ्रारेड थर्मामीटर वापरा. बेअरिंग पूर्ण निकामी झालं तर चाक अडकू शकतं किंवा निखळू शकतं. नुसतं गुणगुणणारं, न हलणारं बेअरिंग लगेच दगा देईलच असं नाही, पण लांबच्या प्रवासाला निघण्याआधी ते बदललेलंच हवं.

बदललं, तरी परत आलं

टायरच्या बाबतीत कारण बहुधा अलाइनमेंटमध्ये असतं. टो म्हणजे जोडीतली दोन चाकं वरून पाहिली तर पुढच्या बाजूला एकमेकांकडे किती झुकली आहेत ते माप. १५ इंचाच्या रिमवर हा टो दोन्ही चाकं मिळून फक्त ३ मिमीनं चुकला, तर प्रत्येक चाक दर किलोमीटरला जवळजवळ ४ मीटर आडवं घासत जातं. हजारो किलोमीटरमध्ये त्याचं काय होत असेल याचा विचार करा. अलाइनमेंट करताना पुढच्या चाकांचंच माप जुळवून मागच्यांकडे दुर्लक्ष होतं. काही गाड्यांत मागचा टो हलवता येत नाही हे खरं, पण मोजता तर येतोच. तो मर्यादेबाहेर असेल तर मागची बीम (मागच्या दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा) वाकली आहे किंवा तिचे बुश (सांध्यातले रबरी तुकडे) गेलेत हे कळतं. म्हणून चारही चाकांची मापं छापून घ्या, आधीची आणि नंतरची. बुश, बॉल जॉइंट किंवा शॉकअॅब्सॉर्बर ढिले असताना केलेलं अलाइनमेंट रस्त्यावर टिकत नाही, ते काम आधी.

इथे एक गैरसमज फार नुकसान करतो. अलाइनमेंट नीट केल्यावरही आवाज लगेच जात नाही, कारण टायरवर कोरली गेलेली झीज तशीच असते. लोक समजतात अलाइनमेंटचा काही उपयोग झाला नाही, आणि बेअरिंगकडे वळतात. झीज थोडी असेल तर टायर मागे-पुढे बदलून चालवत राहिल्यावर आवाज हळूहळू उतरू शकतो. खळगे खोल असतील तर तो टायर शांत होणार नाही. आधी कारण दुरुस्त करा, मग टायर बदला. उलट क्रमानं केलं तर नवे टायरही त्याच वाटेनं जातात. त्यानंतर दर ८,००० ते १०,००० किमीला चाकांची जागा बदलणं आणि थंड टायरमध्ये हवा तपासणं, एवढं नियमानं करा.

बेअरिंग पुन्हा पुन्हा जात असेल तर संशय बसवण्याच्या पद्धतीवर घ्या. बोल्टनं बसणारं हब-युनिट असेल तर चुकायला जागा कमी. पण नकलमध्ये दाबून बसवायचं बेअरिंग असेल तर प्रेस लागतो, आणि जोर योग्य रिंगवरच द्यावा लागतो. नकलमध्ये बसवताना बाहेरच्या रिंगवर, हब घालताना आतल्या रिंगला आधार देऊन. चुकीच्या रिंगवर जोर दिला, किंवा हातोड्यानं ठोकून बसवलं, तर तो सगळा मार गोळ्यांमधून जातो आणि नव्या रुळावर गोळ्यांच्या अंतराअंतरावर बारीक खड्डे पडतात. असं बेअरिंग पहिल्या दिवसापासून हलकं वाजतं किंवा थोड्याच काळात वाजू लागतं. हातोड्याचा आवाज आला तर तिथेच थांबवा आणि विचारा, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

एक्सलचा मोठा नट हीसुद्धा तितकीच महत्त्वाची जागा. आतल्या दोन अर्ध्या रिंगा किती घट्ट एकत्र येणार हे हा नट ठरवतो. अनेक लहान गाड्यांत त्याचा टॉर्क २०० न्यूटन-मीटरच्या आसपास किंवा जास्त असतो, काहींत टॉर्कनंतर ठरावीक अंशांत फिरवायचा असतो. नेमका आकडा आपल्याच गाडीच्या पुस्तकातला घ्यायचा. हवेच्या गननं अंदाजे आवळलेला नट एक तर ढिला असतो नाहीतर अतिघट्ट. हा नट पूर्ण आवळण्याआधी गाडीचं वजन चाकावर टेकवलं तरी बऱ्याच बेअरिंगांना इजा होते. नट बहुतेक वेळा नवाच लागतो. आणि ज्या बेअरिंगच्या सीलमध्ये एबीएसची चुंबकीय रिंग असते ते उलटं बसवलं, तर एबीएसचा दिवा लागतो आणि काम पुन्हा करावं लागतं.

एकाच कोपऱ्यातलं बेअरिंग दुसऱ्यांदा गेलं तर नुसतं तिसरं घालू नका. हबचा फ्लँज (चाक ज्याला टेकतं ती चकती) डायल गेजनं, म्हणजे बारीक डगमग मोजणाऱ्या काट्याच्या मापकानं, तपासून घ्या. खड्ड्यात आदळलेल्या गाडीत हब वाकलेला असू शकतो आणि डोळ्याला तो सरळच दिसतो. मान्य असलेली तफावत मिलीमीटरच्या काही शतांश भागांचीच असते. नकलमधली बेअरिंगची बैठक आणि हबचा दांडा ओरखडलेला किंवा झिजलेला असेल तर नवं बेअरिंग तिथे नीट बसतच नाही. जरूर असेल तर हबही बदलावा. दाबून बसवायच्या कामात जुना हब वाचवण्याची काटकसर मला पटत नाही.

काढलेलं जुनं बेअरिंग मागून घ्या आणि उघडता आलं तर उघडून बघा. रुळावर गंजाचा तांबूस रंग म्हणजे पाणी शिरलं : गाडी साचलेल्या खोल पाण्यातून गेली असेल, किंवा धुताना दाबाचा फवारा थेट हबवर मारला जात असेल. निळसर-तपकिरी रंग म्हणजे उष्णता. त्या चाकाचा ब्रेक अडकून घासत नाही ना ते पाहा. गोळ्यांच्या अंतराएवढ्या अंतरावर खड्डे म्हणजे जोराचा आदळा किंवा चुकीचं बसवणं, मात्र काढताना ठोकल्यानंही तसे डाग पडतात, हे ध्यानात ठेवा. एका ठिकाणी पापुद्रे आणि बाकी रूळ स्वच्छ, म्हणजे वय झालं असण्याची शक्यता मोठी. तिथे नवं चांगलं बेअरिंग घातलं की प्रश्न मिटतो. दोन्ही बाजूंची बेअरिंग्ज जोडीनं बदलायची सक्ती नाही. खराब असलेलंच बदलावं. मात्र चाकं बाहेर काढणारे स्पेसर किंवा बाहेर आलेले रुंद रिम बसवले असतील तर भार बेअरिंगच्या मध्यापासून दूर जातो आणि ती लवकर जातात. ते काढल्याशिवाय नव्या बेअरिंगचं आयुष्य वाढणार नाही.

गॅरेजमध्ये सांगताना ‘आवाज येतोय’ एवढंच सांगू नका. कोणत्या वेगाला सुरू होतो, रस्ता बदलल्यावर काय होतं, कोणत्या बाजूला वळताना बदलतो, अॅक्सिलरेटर सोडल्यावर काय होतं, चाकं पुढे-मागे केल्यावर काय झालं, हे कागदावर लिहून द्या. मेकॅनिकला बरोबर घेऊन त्याच रस्त्यावर एक फेरी मारा. काम झाल्यावर पुन्हा तोच रस्ता, तोच वेग, तेवढीच माणसं गाडीत, आणि तेव्हाच पैसे चुकते करा.

काम नीट होऊनही, टायर-बेअरिंग दोन्ही चांगली असूनही, खडीच्या खडबडीत डांबरावर किंवा पुलाच्या सांध्यावरून जाताना एक पोकळ ‘हूम्’ ऐकू येऊ शकतो. टायरच्या आतली हवा सुमारे २०० ते २५० हर्ट्झच्या दरम्यान घुमते, त्याचा तो आवाज. गुळगुळीत रस्त्यावर तो लगेच नाहीसा होत असेल आणि महिनोन्महिने वाढत नसेल, तर त्यासाठी काहीही बदलू नका.